रुमालाखालची अडत

श्रीवर्धनच्या बाजारात वहाबशेठच्या ओट्यावर दोन नियम होते. ते कुठे लिहिलेले नव्हते, म्हणून कोणी मोडत नसे. पहिला, आल्या माणसाने चहा घेतल्याशिवाय उठायचं नाही. दुसरा, सुपारी आणणाऱ्या वाडीवाल्याने आणि ती घ्यायला मुंबईहून आलेल्या व्यापाऱ्याने एकमेकांशी हवापाण्याखेरीज काही बोलायचं नाही.

भाव वहाबशेठ ठरवणार, आणि तोही तोंडाने नाही. आधी वाडीवाल्याच्या हातावर पांढरा रुमाल टाकायचा, त्याखाली हात घालायचा आणि त्याने दाबलेल्या बोटांवरून त्याला किती हवेत ते समजून घ्यायचं. मग तोच रुमाल व्यापाऱ्याच्या हातावर. त्याची बोटं काय म्हणतात ते ऐकायचं. पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. दोघांचं जमलं की रुमाल झटकून खांद्यावर टाकायचा. या सगळ्याची वहाबशेठ जी मजुरी घेत तिला अडत म्हणतात. शेकडा सहा. बाजारात काही लोक त्यांना चोर म्हणत, पण त्यांचाच चहा पिऊन म्हणत, त्यामुळे शेठना त्याचं वाईट वाटत नसे.

शेठना तीन मुलगे. थोरला कुवेतला, मधला कतारला. त्यांच्या खोल्यांना कुलपं होती आणि पावसाळी हवेत ती गंजू नयेत म्हणून तेल घालायचं काम शेठ स्वतः करत. हे काम त्यांनी दुसऱ्या कोणाला कधी सांगितलं नाही. धाकटा मुझम्मिलही दोहाला चार वर्षं काढून आला, आणि आल्यावर परत जायचं नाव काढीना. माळ्यावर कॉम्प्युटर घेऊन बसला आणि त्याने एक अॅप तयार केलं. नाव ठेवलं ‘उधाण’.

भरती-ओहोटीच्या वेळा त्यात फुकट दिसत. पण खाडीच्या तोंडाशी या आठवड्यात वाळू कुठे सरकली, होडीचा तळ कुठे लागेल, हे पाहायचं तर वर्षाला तीनशे रुपये. वाळूची ही खबर मुझम्मिल स्वतः नाखव्यांबरोबर होडीतून फिरून गोळा करी. म्हणजे हे काम दोहात बसून होण्यासारखं नव्हतं. शेठना अॅपातलं काही कळत नसे, पण एवढं एक बरोबर कळलं होतं.

दोहाहून रय्यान नावाच्या मित्राचा फोन येई. त्याने आपल्या कंपनीत मुझम्मिलसाठी जागा धरून ठेवली होती. शेवटी मुझम्मिल आईला म्हणाला, “अम्मी, ईदेपर्यंत पाचशे जणांनी पैसे भरले तर राहतो. नाहीतर रय्यानला हो सांगतो.”

खाली ओट्यावर शेठ रुमालाची घडी घालत होते. त्यांनी ती मोडली आणि पुन्हा घातली.

“किती म्हणाला?” त्यांनी बायकोला, सफुराबींना विचारलं.

“वर जाऊन त्यालाच विचारा की.”

“मला काय करायचंय? मी आपलं सहज विचारलं.”

त्यानंतर आठवड्याभरात मुझम्मिल जिना उतरून आला आणि बाकावर बसला. चेहरा उतरलेला.

“अब्बा, नापास केलं.”

“कोणी?”

“दुकानाने.”

शेठनी आपल्या दुकानाकडे पाहिलं. मुझम्मिलने मग समजावून सांगितलं. मोबाइलमध्येच एक दुकान असतं. कोणतंही अॅप लोकांपर्यंत न्यायचं तर त्याच दुकानातून. त्यांचे साहेब आधी अॅप तपासणार, मग मांडणार. पैसे घ्यायचे तेही त्यांच्याच गल्ल्यातून, आणि त्यातून ते आपला वाटा कापून घेणार.

“किती?”

“शेकडा पंधरा. धंदा मोठा झाला की तीस.”

शेठनी कप खाली ठेवला. “तीस? आणि त्यांना कोणी चोर म्हणत नाही?”

“सगळे म्हणतात.”

“चहा देतात का?”

“नाही.”

शेठनी कप पुन्हा उचलला. मग म्हणाले, “त्या मालकाशी एकदा हात मिळवायला पाहिजे.”

अडचण निराळीच होती. दुकानाच्या गल्ल्यात पैसे भरायचे तर दरवर्षी खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी द्यावी लागे. जेट्टीवरचा मोरू नाखवा मोबाइलवरच्या त्या पाटीवर बोट ठेवून म्हणाला होता, “पैसं मी देतो म्हनतोय ना? मंग माज्या खात्यात हात घालाची परवानगी ह्याला कशाला? बायकोला न्हाय दिली, ह्याला देऊ?” सगळ्या जेट्टीचं मत मोरूसारखंच पडलं. म्हणून मुझम्मिलने अॅपात एक ओळ घातली होती: ‘पैसे श्रीवर्धनच्या बाजारात वहाबशेठच्या ओट्यावर दिले तरी चालतील.’ दुकानाने उलट टपाली कळवलं की ग्राहकाला बाहेर पैसे भरायला सुचवणारा मजकूर नियमात बसत नाही, सबब अॅप नामंजूर.

“बरोबरच आहे,” शेठ म्हणाले.

“काय बरोबर?”

“माझ्या ओट्यावर बसून, माझा चहा पिऊन, वाडीवाली गोदूबाई जर मुंबईवाल्याला म्हणाली की उद्या सरळ माझ्या वाडीत या, तर मी काय करीन?”

“काय कराल?”

“तिचा माल ओट्यावर घेणार नाही.”

“तेच केलं त्यांनी.”

“मग? चांगला माणूस दिसतो.”

“अब्बा, तुम्ही माझ्या बाजूने आहात की त्यांच्या?”

“मी धंद्याच्या बाजूने.”

आतून सफुराबींचा आवाज आला, “निकाह झाल्यापासून मी हेच विचारतेय, मलाही हेच उत्तर मिळतंय.”

मुझम्मिल चिडलेला होता. म्हणाला, काही देशांत लोक कोर्टात गेले, तेव्हा दुकानाने बाहेरचा रस्ता उघडला. पण कसा? बाहेर जायच्या आधी एक पाटी येते, की पुढे जे होईल त्याला आम्ही जबाबदार नाही. आणि एवढं करून बाहेर झालेल्या विक्रीतूनही वाटा मागतात.

“बाहेर विकलेल्या मालावरपण?” शेठ बाकावर पुढे सरकले. वडिलांच्या माघारी त्यांनी एवढी वर्षं अडत चालवली, पण हे काही सुचलं नव्हतं. “अरे, आम्ही नुसते दिवस काढले.”

मुझम्मिलने ओळ काढली आणि तिच्या जागी ओट्याचा फोटो लावला. नापास. फोटोत पाटी होती आणि पाटीवर फोन नंबर होता. पाटी पुसली. तरी नापास. दुकानाच्या फोटोचं अॅपात प्रयोजन काय, अशी विचारणा झाली. दोहाहून रय्यानचाही फोन येऊन गेला.

त्या दुपारी शेठ गुडघे धरत माळ्यावर चढले. मुलाच्या खोलीत ते तोवर कधी आले नव्हते. कॉम्प्युटरकडे त्यांनी, व्यापारी दुसऱ्याच्या मालाकडे पाहतो तसं, हात मागे बांधून पाहिलं.

“बोलायला बंदी आहे ना?”

“हो.”

“लिहायला?”

“लिहायलाही.”

“मग आपले आजे-पणजे कुठे बोलत होते?” असं म्हणून त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि मुलाच्या हातावर टाकला.

मुझम्मिल आधी बघतच राहिला. मग हसायला लागला. मोरूला जेट्टीवरून बोलावून आणलं, शेठच्या आणि त्याच्या हातांवर रुमाल टाकून फोटो काढला आणि त्यावरून सुबक चित्र केलं. पैसे भरायची जागा आली की ते चित्र दिसायचं. दोन हात, वर पांढरा रुमाल, एक अक्षर नाही.

दुकानाने ते मंजूर केलं.

“साहेबाला काय वाटलं असेल?” मोरूने विचारलं.

“गोऱ्या साहेबाला काय कळणार?” शेठ म्हणाले. “त्याला वाटलं असेल, हस्तकला आहे.”

आणि खरंच कोणाला काही सांगावं लागलं नाही. रुमाल पाहिला की श्रीवर्धनच्या पंचक्रोशीतल्या माणसाला एकच जागा आठवते. जेट्टीवरचे आले, खाडीपलीकडचे आले. ओट्यावर चहाचं आधण उतरेना.

पण रुमालाचा एक स्वभाव असतो, तो बापलेकांच्या ध्यानात आला नव्हता. रुमाल टाकला की घासाघीस आलीच. मोरूने पहिल्याच दिवशी बोटं दाबली ती दीडशेची. शेठनी दोनशे ऐंशीची दाबली. शेवटी एकशे नव्वदवर जमलं आणि मोरू समाधानाने गेला. दुसरा दोनशेवर गेला. तिसऱ्याने एकशे साठ आणि वर आठवडाभर बोंबील कबूल केले.

“अब्बा, तीनशे म्हणजे तीनशे!” मुझम्मिल कळवळून म्हणाला.

“रुमाल टाकल्यावर असं म्हणणं म्हणजे समोरच्याचा अपमान आहे बाबा.”

“दुकानाला पंधरा टक्के दिले असते तर याच्यापेक्षा जास्त उरले असते!”

“उरले असते. पण बोंबील कोणी दिले असते?”

पैशांचं काही असो, माणसं वाढत होती, आणि मुझम्मिल माळ्यावर शीळ घालत होता. सफुराबींनी दोहाहून आणलेली मोठी बॅग रिकामी करून तिच्यात गोधड्या भरल्या. मुद्दाम भरल्या की सहज, हे त्यांना कोणी विचारलं नाही.

मग एका सकाळी ‘उधाण’ दुकानातून गायबच झालं. पाठोपाठ पत्र आलं. मुझम्मिलने ते मोठ्याने वाचून मराठीत सांगितलं:

“चित्रात दोन व्यक्तींचे हात रुमालाखाली दाखवले आहेत. कोकणपट्टीच्या सुपारी व्यापारात बोटं दाबून भाव ठरवण्याची ही रूढ पद्धत आहे. डावीकडचा हात अडत्याचा असून तो दोनशे ऐंशी सांगत आहे. सबब हे चित्र ग्राहकास बाहेरील व्यवहाराचं आमंत्रण देतं.”

शेठनी चित्र डोळ्यांजवळ नेलं. रुमालाच्या सुरकुत्यांवरून बोटं खरंच दोनशे ऐंशीची दिसत होती. फोटो काढताना सवयीने दाबली गेली होती.

“हा गोरा साहेब नव्हे,” ते हळूच म्हणाले. “हा आपला माणूस आहे.”

जगाच्या पाठीवर एकही कचेरी अशी नाही जिथं आपला कोकणी माणूस नाही, हे शेठ आयुष्यभर अभिमानाने सांगत आले होते. तो असा भेटेल असं वाटलं नव्हतं. सफुराबींनी मात्र चष्मा चढवला आणि म्हसळ्याला, आपल्या माहेरी फोन लावला. दुसऱ्याच फोनवर छडा लागला. त्यांच्या मावसबहिणीची नूरैन हैदराबादला मोठ्या पगारावर लागली होती, आणि काम काय तर ‘लोकांची अॅपं तपासायची’. तिचे आजोबा म्हसळ्यातले जुने अडते.

सफुराबींनी नूरैनला फोन केला. स्पीकरवर टाकला.

“खाला, कामाबद्दल मला घरी काही बोलता येत नाही,” नूरैन नम्रपणे म्हणाली. “नोकरीचा नियम आहे.”

“नको बोलूस बेटा. मी आपली खुशाली विचारायला केला होता.”

“सगळे बरे आहेत ना?” मग जरा थांबून ती म्हणाली, “खालूंना सलाम सांगा. आणि रुमाल फार छान धुतला होता म्हणावं.”

फोन बंद झाला. “माझ्या माहेरची माणसं इमानदार आहेत,” सफुराबी म्हणाल्या, आणि तक्रार करावी की मिरवावं हे न ठरल्यामुळे आत निघून गेल्या.

मुझम्मिलने हात टेकले. रुमाल काढला, दुकानाचा गल्ला बसवला, पैसे तिथंच भरायचे असं केलं. ‘उधाण’ परत मांडलं गेलं. जेट्टीवाल्यांनी परवानगीची ती पाटी पाहिली आणि मोबाइल खिशात घातले. आठवड्यात चार माणसं वाढली, त्यातले दोन मुझम्मिलचे भाऊ होते. पैसे भरणाऱ्यांचा आकडा तीनशेच्या पुढे हलेना.

रमजान अर्धा सरला. एके दिवशी शेठ कुलपांना तेल घालायला वर गेले तर बॅग जिन्याजवळ उभी. गोधड्या बाहेर काढून नीट रचलेल्या. शेठ तेलाची बाटली हातात घेऊन तिथं थोडा वेळ उभे राहिले. तिसऱ्या खोलीच्या दाराला कडी होती, कुलूप नव्हतं. मापाचं कुलूप घरात होतं, हे त्यांना माहीत होतं.

ते तसेच खाली उतरले, चप्पल घातली आणि पियूषच्या मोबाइल दुकानात गेले.

“पियूष, त्या मोबाइलातल्या दुकानात खात्यात हात न घालू देता पैसे भरता येतात का?”

“येतात की, शेठ. कुपन मिळतं. त्यावरचा नंबर टाकला की तेवढे पैसे त्या मोबाइलात जमा. त्यातून भरायचे.”

“आणि त्याला कोणी नापास करत नाही?”

“दुकानाचंच कुपन आहे. कोण नापास करेल?”

“तीनशेची दोनशे कुपनं दे,” शेठ म्हणाले, “आणि कसं टाकायचं ते शिकव. आणि हे माझ्या घरी कळता कामा नये.”

दुसऱ्या दिवसापासून, मुझम्मिल होडीतून बाहेर असायचा त्या वेळी, ओट्यावर नवी रीत सुरू झाली. मोरू मुलाचा मोबाइल घेऊन आला. रुमालाखाली जुन्याच भावाला जमलं. मग शेठनी तो मोबाइल मागून घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि एकेक आकडा पुटपुटत कुपनाचा नंबर टाकला. दुकानात तीनशे भरले गेले. त्यातले पंधरा टक्के दुकानाने घेतले, बाकीचे मुझम्मिलला पोचले. मोरूने दिले एकशे नव्वद. मधल्या एकशे दहाचं भोक वहाबशेठच्या खिशाला.

“मुझम्मिलला बोलायचं नाही,” शेठ म्हणाले. “विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने हवापाण्याखेरीज काही बोलायचं नाही.”

“म्हायती हाय,” मोरू म्हणाला. “पन शेठ, ह्यात तुमची अडत कुठं बसली?”

“चहा घे.”

घेणारा काय देतो ते विकणाऱ्याला ठाऊक नाही, विकणाऱ्याला काय पोचतं ते घेणाऱ्याला ठाऊक नाही, मधला माणूस दोघांनाही सांगत नाही. धंदा तोच होता. फक्त अडत उलटी वाहत होती.

माळ्यावर आकडा चढू लागला. मुझम्मिल इफ्तारला बसताना सांगायचा, “अब्बा, आज पुन्हा पंधरा! सगळे दुकानातून भरतायत. मुलाचे पैसे मोरूकाकानेसुद्धा!”

“शिकला समाज,” शेठ म्हणाले आणि खजूर तोंडात टाकला.

“मीच उगाच भांडत होतो त्यांच्याशी. पंधरा टक्के घेतात, पण काम चोख. पैसा वेळेवर. त्या मानाने पंधरा काही फार नाहीत.”

शेठना ठसका लागला. सफुराबींनी पाण्याचा पेला पुढे केला आणि नवऱ्याच्या पाठीवर हात फिरवला, लागतो त्यापेक्षा जरा जास्त वेळ. साठी उलटल्यावर वहाबशेठना पहिल्यांदा कळलं की अडत देणाऱ्याला कसं वाटतं. चांगलं वाटत नाही.

ईदेच्या आदल्या दिवशी पाचशेवा माणूस आला. खाडीपलीकडचा एक म्हातारा, त्याची होडी दोन वर्षांपूर्वीच विकली गेली होती. शेठनी त्याच्याकडून काही घेतलं नाही. ईदेला मुझम्मिलने सगळ्यांदेखत रय्यानला फोन लावून नाही म्हणून सांगितलं. शेठ त्या वेळी शिरखुर्म्यात पिस्ते मोजत असल्यासारखे वाटीत पाहत होते. बॅगेत गोधड्या परत गेल्या.

पुढच्या आठवड्यात गोदूबाई सुपारी घेऊन आली. नवरा गेल्यापासून वाडी तिचीच. रोठा सुपारी, गोटीसारखी. माल तोलला, भाव जमला, आणि मग शेठ घसा साफ करून म्हणाले, “गोदूबाई, अडत आता साडेसहा झाली.”

“साडेसा? सा व्हती ना?”

“नियम बदलला.”

“कुनी बदलला?”

“दुकानाने.”

“दुकान तर तुमीच हाव, शेठ.”

माळ्यावर मुझम्मिल फोनवर कोणाला तरी सांगत होता, की उद्या डाव्या अंगाने घाला, उजवीकडे वाळू चढलीय, आणि कशावरून तरी मोठ्याने हसत होता. गोदूबाई मान वर करून ऐकत राहिली.

“मोरू म्हनत व्हता, तुमी लोकांच्या मोबाइलात कुपनं घालताव.”

“मोरूला सांगितलं होतं बोलू नकोस म्हणून.”

“मंग तो हवापानीच बोलला म्हना.” तिने पिशवीतून पानाचा डबा काढला, पुन्हा आत ठेवला. “माजा प्रज्योत पनवेलच्या कंपनीत लागला. गनपतीला येतो, दुसऱ्या दिवशी घड्याळ बगतो. तो जायला निगाला तवा असली युक्ती मला कुनी सांगितली असती तर मी वाडी गहान टाकली असती.”

वहाबशेठ रुमालाची घडी घालू लागले.

“पन साडेसा जास्त व्हतात,” गोदूबाई म्हणाली.

“गोदूबाई, अडतीवर घासाघीस होत नाही. वडलांपासूनचा नियम आहे.”

“नियम बदललाव ना आत्ताच? आना तो रुमाल हिकडं.”

ओट्यावरच्या लोकांनी माना वळवल्या. शेठनी घडी उलगडली आणि रुमाल तिच्या हातावर टाकला. अडतीचा भाव रुमालाखाली ठरायची ती पहिलीच वेळ. दोघं बराच वेळ समुद्राकडे पाहत बसली. मग शेठनी रुमाल झटकला, खांद्यावर टाकला आणि आत आवाज दिला, “दोन चहा. गोदूबाईंच्यात साखर जास्त.”

किती ठरलं ते त्या दोघांनाच माहीत. बाकीच्यांकडून मात्र शेठनी त्या हंगामात साडेसहाच घेतली. काही लोक चोर म्हणाले. आता वरून मुझम्मिलही म्हणू लागला होता.

“अब्बा, साडेसहा? मधल्यामधे बसून? दुकान निदान काही काम तरी करतं!”

“खरं आहे बाबा,” वहाबशेठ म्हणाले. “चहा घेणार?”